शाल राहू द्या, हॉलची किल्ली द्या

प्रति,
इंदूरमधल्या सर्व मराठी मंडळांच्या, समाजांच्या आणि संस्थांच्या कार्यकारिणींना

स. न. वि. वि.

सप्टेंबर संपत आला की मला तुमचे फोन येऊ लागतात. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, म्हणून. "काकू, यंदा तुमचा सत्कार करायचं ठरतंय, नाही म्हणू नका." मी कधी नाही म्हटलं नाही. कपाटात अकरा शाली झाल्यात. इंदुरात एवढी थंडी पडत नाही.

यंदा नाही म्हणतेय. का, ते एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम लिहावं, म्हणून हे पत्र. तुमच्यापैकी एका मंडळाची मी आजीव सभासद आहे. कोणत्या, ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीचे म्हणतील, बरं झालं, आपल्याबद्दल नाही.

मागच्या वर्षी एका मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात मी अर्धा तास मागून घेतला होता. विषय कळवला होता, 'आपली मुलं, आपलं घर आणि कायदा'. पत्रिकेत छापून आलं, 'आनंदी वार्धक्य'. सचिवांनी समजावलं, "ताई, विषय जरा जड होतोय. लोक दोन घटका हसायला येतात." अर्ध्या तासाची वीस मिनिटं झाली आणि ती ठेवली गेली अल्पोपाहारानंतर. बटाटेवडा, श्रीखंडाची वाटी झाली आणि मंडळी गाड्यांकडे निघाली. समोर उरले चौदा जण, त्यातले दोघे ऐकू न येणारे. मी सहा मिनिटांत आटोपलं.

पुढच्या आठ दिवसांत मला नऊ फोन आले. चौदांपैकी नऊ. एक तर त्या ऐकू न येणाऱ्यांपैकी होते, त्यांनी शेजारच्या मुलाकडून मेसेज लिहून घेतला होता. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच, "मी फोन केला हे मंडळात कुणाला सांगू नका."

आम्ही काय करतो, ते आधी सांगते. मी टपाल खात्यात बचतीच्या खिडकीवर बसून निवृत्त झाले. मासिक व्याजाच्या तारखेला म्हातारी माणसं यायची, सोबत मुलगा किंवा जावई. सही जुळली नाही की मी म्हणायची, "आजी, परत करा." दुसऱ्यांदा हात जास्तच थरथरायचा. नोटा मोजून मी खिडकीतून सरकवल्या की उचलायचा सोबत आलेला माणूस. आजी पासबुक पिशवीत घालायच्या आणि पिशवीची चेन लावायच्या, आत नुसतं पासबुक असलं तरी. हे मी कित्येक वर्षं पाहिलं आणि नियमात बसत होतं म्हणून काही बोलले नाही. निवृत्त झाल्यावर मात्र अशा माणसांबरोबर बँकेत, ठाण्यात, दवाखान्यात, एसडीएमच्या म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या पेशीला, सुनावणीला जाऊ लागले. आता आम्ही सहा जण आहोत. संस्था नाही, नाव नाही, लेटरहेड नाही. सगळ्यात तरुण मी, सदुसष्ट. जिना चढायचा असला की कोणाचे गुडघे आज बरे आहेत, यावर ठरतं कोण जाणार.

आता एका घराची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून त्यांना अप्पा म्हणते. अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन तुमच्याच एका सभागृहात झालं. दिव्यांनी ओवाळलं, गुळाची तुला झाली, स्मरणिकेत पानभर फोटो आला. पुढच्या डिसेंबरात त्यांचा फोन. जुनं घर पाडून त्या जागी मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, झाली होती. मुलाच्या वाट्याला आतून जिन्यानं जोडलेले दोन मजले आले, आणि अप्पांना वरची खोली. वरच्या बाथरूममधल्या गिझरचं बटण खालच्या मजल्यावर. सून सकाळी सातला ते बंद करून कामाला जायची. अप्पांना जाग पाचला येते, पण गुडघे मोकळे होऊन बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर साडेसात. डिसेंबरात गार पाणी. त्यांनी अंघोळच सोडली. मग अंगाला वास येतो म्हणून नातवाला वर पाठवणं थांबलं. मग ताट खोलीत यायचं ते जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊ लागलं.

हे कोणत्या कलमाखाली लिहू? अन्न मिळतं, वस्त्र मिळतं, छप्पर आहे, मारहाण नाही. अर्जात काय लिहायचं, 'गैरअर्जदार सातला बटण बंद करतात'?

मी एकटी गेले तेव्हा मुलानं दारातनंच परत पाठवलं. "तुम्ही लोकांच्या घरात भांडणं लावता, असं ऐकलंय." दुसऱ्यांदा गेले ते अप्पांच्याच मंडळाच्या एका माजी अध्यक्षांना घेऊन. त्यांना दारातून परत पाठवता येईना, कारण त्यांनी त्या मुलाच्या मुंजीत पंगतीला वाढलं होतं. चहा झाला. सुनेचं म्हणणं ऐकून घेतलं. गिझर दिवसभर चालू राहून एकदा वायर जळाली होती, घरात धूर झाला होता. तेव्हापासून तिनं धसका घेतला होता. खोटं नव्हतं. सासऱ्यांना उठायला उशीर होतो हे मात्र तिला कोणी सांगितलंच नव्हतं, अप्पांनीही नाही. इलेक्ट्रिशियन बोलावला, चारशे ऐंशी रुपयांत बटण वर गेलं. ताट अजून जिन्यावरच येतं. तेवढं बटणानं होत नाही.

ज्याच्या तोंडावर दार लावता येत नाही असा माणूस आमच्यात कोणी नाही. तुमच्या प्रत्येक कार्यकारिणीत असे चार-पाच बसलेले असतात, आणि या पत्रात मी तेच मागायला आलेय.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे ना. आहे, आणि कागदावर तो वाईट नाही. माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या भरण-पोषणाचा कायदा २००७ साली झाला. साठीपुढच्या माणसाला स्वतःच्या उत्पन्नावर भागवता येत नसेल तर मुलामुलींनी, सज्ञान नातवंडांनी पोसलं पाहिजे. अर्ज एसडीएमच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, तोही साध्या कागदावर. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३० दिवस. म्हाताऱ्या माणसाला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. कलम १९ म्हणतं, सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम काढू शकेल. 'काढील' नाही, 'काढू शकेल'. सरकारी भाषेत 'शकेल'चा अर्थ काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

निर्वाहाची रक्कम महिना १०,००० रुपयांच्या वर जात नाही. हा आकडा २००७ चा आहे. मर्यादा काढून टाकायची आणि सून-जावयांनाही जबाबदार धरायचं, असं सुधारणा विधेयक २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं गेलं. लोकसभा विसर्जित झाली, विधेयकही गेलं. आणि ९० दिवसांचं म्हणाल तर एसडीएम म्हणजे नुसते न्यायाधिकरण नव्हेत. मंत्र्यांचा दौरा त्यांच्याकडे, निवडणूक त्यांच्याकडे, मिरवणुकीचा बंदोबस्त त्यांच्याकडे. एका पेशीला आम्ही चार वेळा गेलो आणि चारही वेळा पुढची तारीख घेऊन आलो. पाचव्या तारखेला मी एकटीच गेले, मृत्यूचा दाखला द्यायला.

पण तारखा ही सगळ्यात अवघड गोष्ट नाही, ती दुसरीच आहे. एका काकूंच्या पेशीचा दिवस सांगते. मुलानं आठ महिने एक रुपया दिला नव्हता. औषधं शेजारीण आणत होती. अर्ज करायला काकूंना आम्ही भरीला घातलं, हे मी कबूल करते. अकराची पेशी. साडेदहाला आम्ही बाकावर बसलो. समोरच्या बाकावर मुलगा, मोबाइलमध्ये मान घालून. काकूंनी पिशवीतून कागद काढायच्या ऐवजी स्टीलचा डबा काढला आणि मला म्हणाल्या, "त्याला दे गं. न खाताच निघाला असेल." डब्यात पोहे होते, वर शेव वेगळ्या पुडीत, मऊ पडू नये म्हणून. मी नाही नेला. त्या स्वतः उठल्या, भिंतीला धरून गेल्या, डबा त्याच्या शेजारी ठेवून परत आल्या. आत साहेबांनी विचारलं, "माताजी, बेटा खर्चा देता है?" काकू म्हणाल्या, "देता है साहब. बहुत करता है." अर्ज निकाली.

परत येताना ऑटोत म्हणाल्या, "तुझा दिवस मोडला." दीड महिन्यानं त्यांचाच फोन आला, औषध संपलंय म्हणून. आम्ही परत गेलो.

फिर्यादीलाच जिंकायचं नाही, अशी ही फिर्याद असते. दुसऱ्या कुठल्या हक्कांच्या कामात असं होत असेल, मला माहीत नाही. आपल्या गावातल्या हुकुमचंद मिलचं बघा. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकीत रकमेचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. वाट पाहता पाहता कितीतरी जण गेले, पण उरलेले लढले, कारण गिरणीविरुद्ध उभं राहताना कोणाला रडू येत नव्हतं. त्यांची युनियन होती. घरातल्या म्हातारीची युनियन नसते, आणि मालक तिच्या पोटचा असतो.

तुमच्याही बाबतीत हे मी पाहिलंय. मार्च २०२० मध्ये रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली, साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बायकांना ५० टक्के होती ती. त्यावर निवेदन काढायचं म्हटल्यावर कार्यक्रमाच्या दारात टेबल लागलं, सह्यांना रांग लागली, मीही केली. दिल्लीविरुद्ध सही करायला हात कापत नाही. त्याच टेबलावर मी 'दानपत्र करण्यापूर्वी' नावाचं एक पानी पत्रक ठेवलं, तर एक पदाधिकारी हसत हसत म्हणाले, "हे आत ठेवा काकू, उगाच मुलांना वाटेल आम्ही त्यांच्यावर संशय घेतो." पत्रकं मी घरी नेली. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अजून वाणसामानाची यादी लिहिते.

त्या पानावर काय होतं, ते इथेच सांगून टाकते. छापायला तुमची परवानगी लागणार नाही.

घर मुलाच्या नावानं करताना दस्तात नुसतं 'स्नेहापोटी व स्वखुशीने' असं लिहू नका. हा माझा सांभाळ करील, मूलभूत गरजा भागवील, या अटीवर देत आहे, हे वाक्य त्या दस्तातच असू द्या. कायद्याच्या कलम २३ मध्ये अशी सोय आहे की सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळू शकते. पण अट होती हे दाखवायचं कसं? सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या डिसेंबरात एका प्रकरणात सांगितलं, अट होती हे सिद्ध व्हायला हवं, नुसतं नातं पुरेसं नाही. मग २ जानेवारी २०२५ ला आपल्याच मध्य प्रदेशातलं, छतरपूरकडचं एक प्रकरण निकाली निघालं. तिथे आईनं मुलाला दानपत्र करून दिलं होतं आणि सांभाळीन असं मुलाचं वेगळं वचनपत्र होतं. उच्च न्यायालयात आई हरली. सर्वोच्च न्यायालयानं दानपत्र रद्द ठरवून ताबा आईला द्यायला सांगितलं, आणि हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तर त्याचा अर्थही तसाच उदारपणे लावावा, असं म्हटलं. पण तिच्याकडे निदान ते वचनपत्र होतं. आपल्याकडे रजिस्ट्रीच्या दिवशी पेढे वाटतात, वचनपत्र मागायची लाज वाटते.

मुलं वाईट आणि म्हातारे बिचारे, असं सरळ असतं तर हे काम सोपं झालं असतं. त्या नऊ फोनांपैकी एक फोन मुलाचा होता. वय अठ्ठावन्न. त्याचे वडील विसरू लागलेत, रात्री उठून आईला ओळखत नाहीत, चोर समजून मारतात. "काकू, मी आईला घेऊन वेगळं राहिलो तर वडिलांना टाकल्याची केस होईल का? नाही राहिलो तर एक दिवस ती जाईल. सांगा, मी कोणत्या ज्येष्ठ नागरिकाच्या बाजूनं उभं राहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांचा नंबर दिला, रात्रीसाठी माणूस शोधून द्यायचं कबूल केलं, तो मिळायला सहा आठवडे लागले. दुसऱ्या एका घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि बासष्टच्या वहिनी. नवरा गेलेला, मुलं बाहेर, एक पुण्याला, एक परदेशात. कायद्याच्या व्याख्येत दोघीही ज्येष्ठ नागरिक. सासूबाईंना उचलून बसवताना वहिनींची पाठ गेली. सासूचा छळ झाला तर पेपरात बातमी येते. वहिनींच्या पाठीची येत नाही. त्यांच्यासाठी महिन्यातून दोन दिवस कोणी येऊन बसलं तर तेही हक्कांचंच काम आहे, असं माझं मत आहे. माझ्याच गटातल्या दोघांना ते पटत नाही. ते म्हणतात, ही झाली सेवा, हक्क वेगळे. असतील.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण आपल्या लोकांना वाटतं ते आपल्यात नसतंच. आपल्यात आहे. दारिद्र्यरेषेखालच्या साठीपुढच्या माणसाला आपल्या राज्यात महिना ६०० रुपये पेन्शन मिळते. त्यात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांसाठी २०० रुपये. सहाशे म्हणजे दिवसाला वीस. जेल रोडजवळच्या एका खोलीत राहणाऱ्या, पोळ्या लाटून जगलेल्या एक बाई २०२३ पासून लाडली बहना या राज्य सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेच्या यादीत होत्या. ती योजना हजार रुपयांनी सुरू झाली आणि पुढे वाढत गेली. पण ती साठीपर्यंतच. साठी पूर्ण झाली, नाव गळालं आणि बाई सहाशेवर आल्या. मला विचारलं, "ताई, साठीनंतर भूक कमी लागते का हो?" थट्टेनं विचारलं होतं. समग्र आयडीची, म्हणजे राज्याच्या ओळख क्रमांकाची, ई-केवायसी करायला गेलो तर अंगठा उमटेना. लाटणं फिरवून फिरवून रेषाच गेल्या होत्या. तीन चकरा झाल्या.

त्या बाई आणि तुमच्या सुदामानगर-लोकमान्यनगरातले अप्पा एकाच कायद्याखाली येतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. हीही आमची एक अडचण. बायकांची चळवळ आहे, अपंगांची आहे. संयुक्त राष्ट्रांत स्त्रियांसाठी १९७९ ला करार झाला, मुलांसाठी १९८९ ला, अपंगांसाठी २००६ ला. म्हाताऱ्यांसाठी १९९१ ची तत्त्वं आहेत, बंधनकारक करार नाही. एप्रिल २०२५ मध्ये कुठे मानवाधिकार परिषदेनं मसुदा करायला गट नेमायचं ठरवलं. उशीर का, याची विद्वान लोक बरीच कारणं देतात. मला रोज दिसणारं कारण साधं आहे. म्हातारा माणूस स्वतःला म्हातारा म्हणवून घेत नाही. मेळाव्यात पंच्याहत्तरीचे गृहस्थ मला सांगतात, "तुम्ही म्हाताऱ्यांसाठी छान काम करता हो." तोवर ते खुर्चीतून उठायला माझाच हात धरत असतात.

आणि आता २९ जानेवारी २०२१. तो दिवस इंदुरातला कोणीही विसरलेला नसेल, पण आपण त्याचा विषय काढत नाही, कारण स्वच्छतेत आपला पहिला नंबर असतो. थंडीच्या दिवसांत नगर निगमाच्या गाडीतून बेघर म्हाताऱ्या माणसांना भरून देवास रस्त्याला शिप्रेपाशी नेऊन उतरवलं गेलं. काहींना धड बसताही येत नव्हतं. सामानाची गाठोडी रस्त्यावर. गावकऱ्यांनी हटकलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना परत गाडीत चढवलं. देशभर छीथू झाली, एक उपायुक्त निलंबित, दोन कर्मचारी घरी. तेव्हा आपल्या ग्रुपांवर काय संताप होता! मीही रात्रभर जागी होते.

शिप्रेच्या रस्त्यावर निदान कोणीतरी व्हिडिओ काढणारा होता. मल्टीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेल्या ताटाचा व्हिडिओ कोण काढणार? आणि खरं सांगू, तो निघू नये असंच मला वाटतं. अप्पांनाही तसंच वाटेल. पण हटकणारं कोणीतरी हवं. ते गावकरी काही कार्यकर्ते नव्हते. चहाच्या टपरीवरचे, दुकानावरचे लोक. त्यांनी एवढंच विचारलं, "यांना इथे का उतरवताय?"

तर माझं मागणं असं आहे.

कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की माणूस स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था त्याच्या वतीनं अर्ज करू शकते. आणि न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं. तो अधिकारी अशा संस्थेचा प्रतिनिधीही असू शकतो. महिन्याभरात त्यानं आपलं म्हणणं कळवायचं. तुम्ही नोंदणीकृत आहात. नोंदणी क्रमांक तुमच्या प्रत्येक वर्गणीच्या पावतीवर छापलेला असतो. आम्ही सहा जण नाही. आम्ही अर्जात फक्त 'सोबत आलेल्या बाई' असतो, आणि बाबू विचारतो, "आप कौन?" त्यावर माझ्याकडे आजवर उत्तर नाही. कलम १७ प्रमाणे तिथे वकीलही चालत नाही. केरळच्या उच्च न्यायालयानं २०२१ ला ते कलम वकिली कायद्याशी विसंगत ठरवलं, पण ते त्यांच्याकडे. इथे म्हातारं माणूस एकटं उभं असतं.

म्हणून तुमच्या येत्या बैठकीत एक ठराव करा, की संस्था अशा अर्जात अधिकृत संस्था म्हणून उभी राहील. दोन नावं द्या, ज्यांना लोक मानतात आणि जे ऐकून घेतात. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. त्यात एक तरी बाई असू द्या. बायका बायकांना गिझरची गोष्ट सांगतात, पुरुषांना सांगत नाहीत.

मात्र समेट म्हणजे गप्प बसवणं, असं समजणारे समेटवाले मला नकोत. तेही पाहिलंय. एका घरात मामा-मावशी जमले, "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणाले, आजींच्या हातात पेन दिलं. कागदावर काय होतं ते त्यांना आजतागायत माहीत नाही. तुमच्याकडे जे ठरेल ते मोठ्या अक्षरांत लिहिलं जावं, त्या माणसाला एकांतात वाचून दाखवलं जावं, आणि तीन महिन्यांनी कोणीतरी घरी जाऊन बघावं. चहा प्यायला म्हणून जा. गेल्यावर वरच्या मजल्यावरही जा.

मतभेद होतील, ते मला ठाऊक आहे. ज्याच्या घरची गोष्ट निघेल तो तुमचा देणगीदार असेल. नाटकाच्या पहिल्या रांगेत बसणारा असेल. कोणाचं तरी आजीव सभासदत्व रागानं परत येईल. कदाचित तुमच्यातल्या कोणाच्या घरची असेल. नऊ फोन मी विसरलेले नाही, आणि कोणाचे होते ते सांगणारही नाही.

एवढं सगळं एकदम झेपत नसेल तर सुरुवातीला महिन्यातून एक दुपार द्या. तीन ते पाच, जेव्हा घरची मंडळी कामावर असतात आणि म्हातारं माणूस 'मंडळात जाऊन येतो' म्हणून बाहेर पडू शकतं. वकिलाकडे जातो म्हटलं तर घरात प्रश्न येतात, मंडळात जातो म्हटलं तर कोणी विचारत नाही. तुमच्या नावाचा हा उपयोग तुम्हाला कधी सुचला नसेल. दारावर फलक लावू नका. लावायचाच तर 'आनंदी वार्धक्य' लावा, मला चालेल. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या फोननंबरचा कागद आतल्या भिंतीवर लावू.

शालीचे आणि हाराचे पैसे वाचतील, त्यात मोठ्या अक्षरांचे छापील अर्ज निघतील. चहा आम्ही थर्मासमध्ये घेऊन येऊ, खुर्च्या आम्ही मांडू आणि उचलूही. तुमच्या हॉलच्या पायऱ्यांना एका बाजूला कठडा नाही, तेवढा लावून घ्या. कोपऱ्यातला पंखा गेल्या वर्षी आवाज करत होता, आधीच आमच्यातल्या दोघांना कमी ऐकू येतं.

किल्ली कोणाकडे असते, एवढं कळवा. मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक आजीव सभासद
सुदामानगर, इंदूर